सतरा इंचाची गोल बैठक

गोरेगावच्या बाजाराच्या रस्त्यावर शामकलाबाईचं पडदे, उशांच्या खोळी आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं दुकान आहे. तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्याकडून नापास होतं आणि मगच माप देतं. कोणी जांभळे पडदे मागितले की ती नाक मुरडते, कोणी झालर मागितली की कपाळावर आठी चढते, आणि कोणी बिचाऱ्यानं 'बाई, तुम्हीच सांगा काय बरं दिसेल' म्हटलं, तर या माणसाला स्वतःची अक्कल नाही हे तिच्या लेखी तिथंच पक्कं होतं. हात मात्र असा की तिनं मारलेली शिवण बैलानं ओढली तरी उसवायची नाही. असं गोंदियापर्यंतचे लोक म्हणतात. ते ऐकून ती लोकांनाच हसते, कारण शिवणीतलं त्यांना काय कळतं.

तर अशा या बाईच्या दुकानात फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिची भावजय अल्का आली. सोबत गोंदियाची एक इंटेरिअरवाली होती, डिंपल नावाची. डोक्यावर गॉगल, हातात टॅब, आणि दुकानातल्या स्टुलावर बसण्याआधी तिनं तो स्टूल टिश्यूनं पुसला. शामकलाचं मत बनायला तेवढं पुरलं.

शामकलाचा धाकटा भाऊ भोजराज तिरोड्याला वीज केंद्रात नोकरीला. इतकी वर्षं दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये काढल्यावर त्यानं आता स्वतःचं घर बांधलं होतं, आणि एप्रिलमध्ये गृहप्रवेश होता. घर बांधलं म्हणून शामकलाच्या पोटात दुखत नव्हतं. तिचं दुखणं वेगळं होतं. त्यांची माय, रुक्माबाई, गेली अकरा वर्षं दुकानामागच्या खोलीत शामकलाजवळ राहत होती. शामकलाचा नवरा गेला तेव्हा 'लेक एकटी कशी राहील' म्हणून म्हातारी आली ती राहिलीच. दोघी एका ताटात जेवायच्या, दिवसातून चारदा भांडायच्या, आणि म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून शामकला तिच्या सुईत दोरा ओवून द्यायची. आता भोजराज म्हणाला होता, "माय, घर झालं. आता तू माज्याजवळ ये." आणि म्हातारीनं जरा आढेवेढे तरी घ्यावेत ना. ती लगेच म्हणाली, "येतो ना बाप्पा." त्या दिवसापासून शामकलाला त्या घरातली प्रत्येक वस्तू डोळ्यासमोर नको झाली होती. तिथली एकही वस्तू तिनं अजून पाहिली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

"देखिए दीदी," डिंपल टॅब पुढं करत म्हणाली, "पूरा पॅलेट अर्दी रखा है. ओट, सँड और मशरूम."

शामकलानं तिन्ही रंग पाहिले. मराठीत त्या तिघांनाही मळका म्हणतात.

मग एकेक चित्र सरकू लागलं. एक सोफा होता, तो इतका बुटका की त्यात बसलेल्या माणसाला बाहेर काढायला दोघं लागावेत. त्याला कापड मेंढीच्या अंगासारखं, गुठळ्यागुठळ्यांचं. एक खुर्ची होती, तिला पाठ होती, पण ती पाठ माणसाच्या पाठीपर्यंत पोचत नव्हती. एक आरसा होता, सांडलेल्या पाण्यासारखा वेडावाकडा. छतातून दोरखंडानं टांगलेली टोपली होती, तिच्यात म्हणे बसून पुस्तक वाचायचं. भोजराजनं दहावीनंतर हातात पुस्तक धरल्याचं शामकलानं पाहिलं नव्हतं. आणि कोपऱ्यात एका उंच मडक्यात वाळलेलं गवत खोचलेलं होतं. तेच गवत जे आपल्याकडं शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं उगवतं आणि शेळीसुद्धा ज्याला तोंड लावत नाही.

"हे गवत का आहे?" तिनं विचारलं.

"ते पंपास आहे, ताई. ऑनलाइन मागवलं," अल्का म्हणाली.

"असं का," शामकला म्हणाली, आणि गप्प बसली. ती गप्प बसली की समोरच्यानं समजून घ्यावं, पण अल्का समजून घेणाऱ्यांतली नव्हती. ती भोळी होती. शामकलाच्या कोशात भोळेपणाला वेगळा शब्द नव्हता, मूर्ख या शब्दातच तो बसायचा.

"आणि ताई, एक माझं स्वतःचं आहे," अल्का जरा लाजत म्हणाली. "हॉलमध्ये बुद्ध पाहिजेत. क्वार्टरमध्ये जागाच नव्हती हो, कपाटावर एक फोटो होता तेवढा. आता घरात पाय ठेवला की तेच दिसले पाहिजेत. चहूकडं."

"बुद्धा थीम तो अभी बहुत चल रही है," डिंपल म्हणाली. "मेरे सब क्लाएंट लेते हैं. बहुत पीसफुल लगता है."

पडदे, सोफ्याची कव्हरं, कुशनं, खाली बसायच्या गोल बैठका, सगळं शामकलानंच शिवावं असा भोजराजचा आग्रह होता. तिनं काम घेतलं. भावाचं काम परक्या हातात गेलं असतं तर तिला झोप लागली नसती. शिवाय त्या घरात काय काय थेरं चालणार आहेत ते आतून पाहायला मिळणार होतं.

आठ दिवसांनी कापडाचा गठ्ठा आला. वर डिंपलची टाइप केलेली यादी. शामकलानं गठ्ठा सोडला आणि सगळ्यांत आतलं कापड उलगडलं तेव्हा तिचा हात थांबला.

जाडसर कॅनव्हासवर भगवान बुद्धाचा चेहरा छापलेला होता. मिटलेले डोळे, लांब कान, कुरळ्या केसांच्या बारीक बारीक गाठी. असे आठ तुकडे. यादीत लिहिलं होतं, सहा तुकडे कुशनांना. दोन तुकडे गोल बैठकांना, वरच्या बाजूला, मधोमध. चेहऱ्याच्या रेषांवरून मशीननं टाके घालून आत कापूस भरायचा, म्हणजे चेहरा उठून येईल.

सहा कुशनं, ज्यांना माणसं पाठ टेकणार. आणि दोन बैठका, ज्यांच्यावर माणसं बसणार.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. शामकला, अल्का, ही सगळी बौद्ध माणसं, लग्नपत्रिकेवरचं बुद्धाचं किंवा बाबासाहेबांचं चित्रसुद्धा कचऱ्यात जाऊ देत नाहीत. कापून पेटीत ठेवतात. शामकलाच्या घरात तर कॅलेंडरसुद्धा कमरेच्या खाली लागत नव्हतं. त्यामुळं तिला काय कळलं आणि काय नाही, असा प्रश्नच नव्हता. त्या कापडाकडं पाहताक्षणीच तिला सगळं कळलं. डिंपलला कळायचं कारण नव्हतं, तिच्यासाठी बुद्ध म्हणजे मडक्यातल्या गवताचा शेजारी. पण अल्का? जयंतीला पांढरी साडी नेसून मिरवणुकीत पुढं चालणारी अल्का? तिनं ही यादी वाचली होती का, की नुसतं 'बुद्ध' दिसलं आणि मान डोलावली?

दुसऱ्याच दिवशी अल्काचा फोन आला.

"ताई, एक गोल बैठक बारा इंच उंच लिहिली आहे ना, ती सतरा इंच करा."

"बैठक आहे का टेबल?"

"करा ना ताई. आणि..." ती थांबली. "सगळं बरोबर होऊन राहिलं ना? माझं काही चुकत तं नाही? डिंपल म्हणते तसं मी हो हो करते, पण मला यातलं कळत नाही. तुम्हाला कळते."

हा तो क्षण. एक वाक्य पुरलं असतं. 'अगं, बुद्धावर बसतात का कोणी', एवढं. शामकलाच्या जिभेवर ते आलंही. आणि मग तिला दिसलं की गृहप्रवेशाला वॉर्डातल्या बायका येतील, कुशनं पाहतील, तोंडाला पदर लावतील, एकमेकींच्या कानाला लागतील. म्हातारीला दिसत कमी असलं तरी ऐकू सगळं येतं. तिला कळेल की आपण कोणत्या घरात राहायला निघालो आहोत. आणि ती म्हणेल, 'शाम, चाल आपल्या घरी.'

"तुजं घर, तुजी पसंद," शामकला म्हणाली आणि फोन ठेवला.

मनाला सांगायला कारणं कमी नव्हती. यादी त्यांची, कापड त्यांचं, डिझाइन त्या गॉगलवालीचं. शिवणाऱ्यानं यादीप्रमाणं शिवायचं. आपण कोण सांगणारे? आयुष्यभर विचारल्याशिवाय चार गोष्टी सुनावत आलेली ही बाई, आणि विचारल्यावर तिला आपण कोण सांगणारे हे सुचलं. खोटेपणासुद्धा माणसाच्या अंगाला शोभेल असा असावा.

एक मात्र खरं, काम तिनं असं केलं की आयुष्यात केलं नव्हतं. पापण्यांच्या रेषेवरून मशीन चालवताना श्वास रोखून धरला. केसांची एकेक गाठ वेगळी फुगवली. कडेला पायपिंग, आत अस्तर, कोपऱ्याला पक्के टाके. आठ दिवस म्हातारी मागच्या खोलीतून विचारायची, "का शिवून राहिली गं इतक्या दिवसाची?" आणि शामकला म्हणायची, "अल्काचे नखरे."

गृहप्रवेश रविवारी होता. भोजराज गाडी घेऊन मायला आणि बहिणीला न्यायला आला. तिरोड्याला पोचेपर्यंत शामकला खिडकीतून बाहेर पाहत राहिली, आणि घरात पाऊल टाकलं तेव्हा तिच्या सगळ्या अपेक्षा पुऱ्या झाल्या.

हॉल पाहून असं वाटत होतं की सामान उतरवून मजूर जेवायला गेले आहेत आणि आल्यावर लावतील. बुटका सोफा भिंतीपासून तुटून खोलीच्या मध्ये येऊन बसला होता. टोपली टांगलेली होती, आणि तिच्यात पाहुण्यांनी पर्सा ठेवल्या होत्या. गवत होतंच. समोर टेबलावर पांढरं कापड घालून बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, फुलं आणि मेणबत्त्या मांडल्या होत्या. तेवढा एकच कोपरा डिंपलच्या हातून वाचला होता. मळक्या पांढऱ्या सोफ्यावर बसायची कोणाची छाती होत नव्हती, म्हणून बाया भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या आणि पुरुष व्हरांड्यात उभे होते. एवढं फर्निचर, आणि टेकायला भिंत.

कुशनांची गोष्टही शामकलानं ठरवली होती तशीच सुरू झाली. एक बाई सोफ्याजवळ गेली, वाकली, थबकली. दुसरीला खुणावलं. दुसरीनं तोंडावर हात ठेवला. पहिलीनं हळूच एक कुशन उचललं आणि चेहरा भिंतीकडं करून ठेवलं. मग तिसरं कोणी आलं. कुजबुज भिंतीभिंतीनं फिरू लागली. अल्का स्वयंपाकघरात खिरीजवळ होती, तिला काही पत्ता नव्हता. शामकला पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती, आणि तिचं अंतःकरण अगदी थंडगार झालं होतं.

तेवढ्यात भोजराज मायचा हात धरून तिला आत घेऊन आला. म्हातारी पायानं फरशी चाचपत येत होती. चेहऱ्यावर असा आनंद की शामकलाला बघवेना.

"माय, बस," भोजराज सोफ्याकडं बोट करत म्हणाला.

"त्यात नको, त्यात आईंना उठता येणार नाही," म्हणत अल्का पदराला हात पुसत धावत आली. सोफ्यामागून तिनं उंच गोल बैठक ओढून आणली. "आई, ही तुमच्यासाठी मुद्दाम केली. दिवाळीत गोरेगावला तुम्ही खाटेवर बसल्या होत्या ना, तेव्हा मी खाटेची उंची मोजून घेतली होती. सतरा इंच. गुडघे दुखणार नाहीत."

बायांच्या कुजबुजीचा शामकलानं विचार केला होता, अल्काच्या फजितीचा केला होता, मायच्या रागाचा केला होता. माय स्वतः कुठं बसेल याचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता.

मधे चार पावलांचं अंतर होतं. 'माय, थांब' एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं तर सगळे वळून विचारणार, तुला कसं ठाऊक? कधीपासून ठाऊक? त्या चार पावलांत शामकलानं आपली लाज सांभाळली. अल्कानं म्हातारीचे खांदे धरून तिला अलगद बसवलं, आणि मागं टेकायला एक कुशन दिलं.

"वा," रुक्माबाई म्हणाली. "बरोब्बर झाली."

कुशन पाठीमागं न घेता तिनं मांडीवर घेतलं, आणि नव्या वस्तूवरून फिरवतात तसा हात फिरवला. डोळे अधू झाल्यापासून ती सगळं हातानंच बघायची. हात फिरता फिरता एका जागी थांबला. मागं आला. पुन्हा तिथंच गेला.

"हा कान आहे," ती म्हणाली. "लंबा कान."

म्हातारीची बोटं वर सरकली, गाठीगाठींच्या केसांवरून गेली, खाली येऊन मिटल्या पापण्यांवर टेकली. मग तिनं ते कुशन कपाळाला लावलं, आणि दुसरा हात आपल्या अंगाखाली, बैठकीच्या कडेवरून आत घातला. तिथंही तीच गाठ लागली.

दोघांनी धरल्याशिवाय न उठणारी बाई कोणाचाही हात न धरता उभी राहिली.

"अल्का," ती म्हणाली, "मी कोनावर बसली होती?"

अल्कानं खाली पाहिलं. ती ते कापड महिनाभर मोबाइलमध्ये बघत होती आणि सकाळपासून हॉलमध्ये बघत होती, पण तिनं ते खरोखर पाहिलं ते तेव्हा. "आई, मला वाटलं... घरात चहूकडं बुद्ध असले तर... मला सुचलंच नाही, आई." आणि भरल्या घरात ती लहान पोरीसारखी रडू लागली.

खरं सांगायचं तर त्याही क्षणी शामकलाला आत कुठंतरी बरं वाटलं. झालं होतं तेच, जे व्हायला पाहिजे होतं. आता माय बोलेल. आता निघू.

पण म्हातारी अल्काला काही बोलली नाही. ती कुशनाची कड अंगठ्यानं चाचपत होती. एका कोपऱ्यावर आली, दुसऱ्या कोपऱ्यावर गेली.

"कोपऱ्यावर तीन टाके मागं घेतले, अन् दोरा आत दाबला," ती म्हणाली. "हे मी शिकवलं होतं. शाम, हे तू शिवलं?"

"लिस्टीत होतं, माय," शामकला म्हणाली. "त्याईनं लिहून देल्लं, तसं मी शिवलं."

"ताईंची काही चूक नाही," अल्का हुंदका गिळत मध्येच म्हणाली. "लिस्ट मीच पाठवली होती. मीच नीट पाहिली नाही."

फोनवर विचारलं होतं, हे तिनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. शामकलाला भांडता आलं असतं. या मूर्ख बाईनं तेवढीसुद्धा सोय ठेवली नाही.

"वंदनेले भन्तेजी येतीन," रुक्माबाई म्हणाली. "त्याच्या आधी हे सारं उसव."

सगळ्यांच्या देखत शामकला फरशीवर बसली. कोणीतरी कैची आणून दिली. कैचीचं टोक तिनं शिवणीत घालून पाहिलं, शिवण दाद देईना. पक्की होती. दुहेरी होती. कापड फाटू न देता टाका सोडवायचा म्हणजे एकेक सोडवावा लागत होता. अल्का नाक पुसत तिच्यासमोर येऊन बसली आणि न सांगता कापडाची दुसरी बाजू ताणून धरली. एकेक चेहरा मोकळा होई तसा भोजराज दोन्ही हातांनी उचलून टेबलावरच्या पांढऱ्या कापडापाशी नेऊन ठेवत होता. भिंतीकडच्या बाया बघत होत्या. त्यांची नजर आता अल्कावर नव्हती.

शेवटचा तुकडा त्या सतरा इंची बैठकीचा होता. तो सोडवून झाल्यावर शामकला उठली आणि मायजवळ गेली. भोजराजनं मायला आतून एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती, बांधकामावर मिस्त्री बसायचा ती. म्हातारी तिच्यात ताठ बसली होती.

"माय," शामकला खालच्या आवाजात म्हणाली, "वंदना झाली का सांजच्या गाडीनं जाऊ ना आपुन? घरी?"

रुक्माबाईनं मान वळवली. तिला नीट दिसत नव्हतं, तरी शामकलानं नजर खाली घेतली.

"मी नाई येत," ती म्हणाली. "हिले समजत नाई. हिले सांगाले घरात कोनी नोहतं, आता मी आहो. तुले का सांगू? तुले तं सारं समजते." मग तिनं पदर सारखा केला आणि दाराकडं कान दिला, कारण बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला होता. "माजी लुगडी अन् डोऱ्यात टाकाची दवाई उद्या भोजराजच्या हाती दे."